बंदच्या दुसऱ्या दिवशी

घडलं ते एवढंच. काल बंद होता. आज आमच्या रुग्णालयात, इंजेक्शनच्या खोलीत, एक आजी नातवाला घेऊन आली. कुत्रं चावल्याचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी पदराच्या गाठीत. गाठ सोडायलाच तिला वेळ लागला. कार्डावर माझ्याच अक्षरातल्या तारखा होत्या. पहिला डोस, मग त्यानंतरचा तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. सातव्या दिवसाची तारीख कालची. मी काही बोलायच्या आत तिने हात जोडले. "बाय, रागावू नको. काल जीपच नव्हती. चालत निघालो व्हतो, पन पोराचा पाय दुखाया लागला."

मी म्हटलं, "आजी, एका दिवसाने काही बिघडत नाही. पहिल्यापासून घ्यावं लागत नाही, राहिलेलं घ्यायचं आणि पुढे चालू ठेवायचं." पोराच्या दोन्ही दंडांवर टोचलं. तो रडलाही नाही. दारातून वळून आजी परत म्हणाली, "माफी कर, बाय."

आता घरी, लालबागला, रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि मला तेच ऐकू येतंय.

तसं म्हटलं तर आज मला स्वतःचंच रडू येण्यासारखं होतं. बंद आहे हे ठाऊक होतं म्हणून आदल्या संध्याकाळीच कसारा लोकल पकडून ड्यूटीवर गेले. सुटका करणारी सिस्टर दुसऱ्या दिवशी पोचलीच नाही. दूध आलं नाही, मावशींनी सगळ्या वॉर्डाला कोरा चहा दिला. आईच्या डोळ्यांची तपासणी पुन्हा पुढे गेली. ते राहू दे.

पण बंदच्या दिवशी रुग्णालय किती शांत असतं! एरवी केसपेपरची रांग गेटबाहेर जाते. काल ओपीडीत बाक रिकामे. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, आज कोणी आजारीच नाही. रेबीजच्या लसीची कुपी एका माणसासाठी फोडली. एका कुपीत कितीतरी जणांचं भागतं, पण फोडली की काही तासांतच वापरावी लागते. बाकीची संध्याकाळी टाकून दिली. ज्यांच्यासाठी ती होती ते आपापल्या पाड्यावर बसून होते. आज सगळे एकदम आले. बीपीच्या गोळ्या संपलेले, ड्रेसिंगचे, लसीचे. आणि जवळजवळ प्रत्येकजण दारातच सांगत होता, काल का जमलं नाही ते. कोणी विचारलं नव्हतं.

रागवायचं तर कोणावर? संपावर मला रागवता येत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आईच्या कडेवर होते. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. बाबा पुन्हा गिरणीच्या खात्यात उभे राहिले नाहीत. आणि मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी १४ ते २० तारखेपर्यंत मीही बाहेर बसले होते. २००५ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी नोकरीला लागलेल्यांचं म्हातारपण सरकारने वाऱ्यावर सोडलं, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. कालच्या मोर्चात आमच्या भागातल्या आशाताई होत्या. एरवी बाळंतिणीला घेऊन त्याच आमच्याकडे येतात. पगार नाही, मोबदला मिळतो, तोही वेळेवर नाही. त्यांनी रस्त्यावर यायचं नाही तर कुठे जायचं?

संप वेगळा आणि बंद वेगळा, हे कोर्टाने कधीच सांगून ठेवलंय. संपात आपण आपलं काम थांबवतो, बंदमध्ये सगळ्यांचं थांबवायला लावतो. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदसाठी उच्च न्यायालयाने दोन पक्षांना प्रत्येकी २० लाखांचा दंड केला होता. पण जीपच्या स्टँडवर हा फरक कोणाला कळणार? काच फुटली तर भरून कोण देणार, म्हणून तो बिचारा गाडी काढत नाही. त्याचंही खरं आहे.

मला सलतंय ते वेगळंच. बंदच्या पत्रकात दर वेळी असतं, अत्यावश्यक सेवा वगळून. अँब्युलन्स सोडतात, अडवत नाहीत, हे मी पाहिलंय. पण सातव्या दिवसाची लस घ्यायला अँब्युलन्समधून कोण येतं? गोळ्या संपल्या म्हणून १०८ ला फोन कोण करतं? आमच्याकडचा पेशंट काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीने येतो, नाहीतर एसटीने. रुग्णालय वगळलं, रुग्णालयापर्यंतचा रस्ता नाही वगळला. हे मुंबईत बसून सुचत नाही. इथे केईएम आहे, नायर आहे, लोकल बंद पडली तरी माणूस चालत पोचतो. मलाही सुचलं नसतं, बदली तिकडे झाली नसती तर.

आणि ज्या बाईचा या सगळ्यात काडीचाही हात नाही, ती हात जोडते. मी तिला "तुमची काही चूक नाही" असं म्हटलं. ते तिला पटलं नाही, चेहऱ्यावर दिसलं. सरकारी खोलीत उशिरा आलेल्या माणसाने हात जोडायचे, हे तिला कोणीतरी फार आधी शिकवलंय. आमच्यापैकीच कोणीतरी.

असो. बंद काही संपणार नाहीत, संपू नयेत असंही मला वाटतं. रविवारी दादरला युनियनची मीटिंग आहे. पुढच्या वेळी तारीख ठरली की बीपीच्या, टीबीच्या गोळ्या आदल्या दिवशीच देऊन टाकता येतील. लसीचं रजिस्टर बघून त्या दिवशीची नावं काढता येतील. आणि प्रत्येक रस्त्यावर एक जीप, काचेवर युनियनचाच कागद लावून, पेशंटसाठी चालू ठेवायची. हे बोलायचंय. मोठ्या सिस्टर म्हणतील, आधी आपल्या मागण्या. त्यांना सांगेन, ही पण आपलीच मागणी म्हणून लिहून घ्या.