शिक्क्यात न मावणारं नाव

रिटायर व्हायच्या आदल्या दिवशी टेबलाचा खण रिकामा केला तर काय निघालं, दोन वाळलेले स्टॅम्पपॅड, टाचण्यांची डबी अन एक जुना गोल शिक्का. लाकडी मूठ, तिचं पॉलिश माझ्याच अंगठ्यानं गेलेलं. मराठवाडा विद्यापीठ, औरंगाबाद. (जमा करायचा राहून गेला, आता काय सांगणार कोणाला!)

1987 ला आवक-जावकला लागलो तेव्हा हाच हातात आला. सगळा मराठवाडा तेव्हा आमच्याच खिडकीवर. किनवटचं पोरगं रातच्या एसटीनं निघणार, सकाळी स्टँडवर उतरून कॅम्पसमधी येणार अन खिडकी उघडेपर्यंत लिंबाखाली फडक्यातली भाकर खात बसणार, एका मायग्रेशनच्या कागदासाठी. उन्हाळ्यात पॅड दुपारपर्यंत कोरडं पडायचं, पाणी टाकलं की शाई फुटायची, मग शिक्का तोंडाजवळ धरून वाफ द्यायची अन मूठ दाबून मारायचा. पोरगं ठशावर बोट लावून बघायचंच. वाळला नाही तर पसरायचा, मग परत वाफ.

मग 14 जानेवारी 1994. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला होता 27 जुलै 1978 ला, अन मधल्या काळात मराठवाड्यात घरं जळाली, माणसं गेली, ते सगळं ठाऊक असलेली माणसं आमच्याच सेक्शनला बसायची, डबा एकत्र खायची, त्यावर बोलायची मात्र नाही. नवा शिक्का आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, नाव एवढं मोठं की गोलात अक्षरं मुंगीएवढी झाली. आमच्या शिपायानं पहिला ठसा कागदावर नाही मारला, स्वतःच्या तळहातावर मारला, अन दिवसभर त्या हाताला पाणी लावलं नाही. चहासुद्धा डाव्या हातानं प्याला. दर 14 जानेवारीला गेटवर गर्दी लोटते ना, मला आधी तो हात आठवतो.

त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडचं विद्यापीठ झालं. नांदेड, परभणी, लातूरच्या फायली गाठोड्यात बांधून ट्रकमधी चढवल्या. किनवटच्या पोराची एसटीतली रात्र वाचली, चांगलंच झालं, पण पुढचे कितीक दिवस खिडकीवर काही करमायचं नाही.

कॉम्प्युटर आले, टाइपरायटर गेले, लेण्यांचा डोंगर तेवढा मागं तसाच. 2023 ला शहराचं नाव बदललं, तिसरा शिक्का आला, आतच शाई असणारा. वाफ द्यायचं कामच संपलं.

शेवटच्या महिन्यात एक पोरगं ऑनलाइनची प्रिंट घेऊन आलं. म्हणलं, बाळा, यावर क्यूआर आहे, शिक्का लागत नाही.

"मारून द्या ना सर. बाबाला त्याशिवाय खरंच वाटत नाही."

मारला. त्यानं लगेच बोट लावून बघितलं.