डबा पाठीला बांधतात

स्मरणिका समितीने ‘शाळेने मला काय दिले’ यावर लिहायला सांगितलंय. मी विहिरीत बुडालेल्या रोबोबद्दल लिहितो. नववीतलं तेवढंच मला नीट आठवतं.

साल २००९. पुण्याला नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या मुलाचा जुना लेगोचा संच शाळेला पाठवला होता. माइंडस्टॉर्म्स एनएक्सटी, म्हणजे तुकडे जोडून रोबो बनवायचा संच. तीन मोटारी, अर्ध्या विटेएवढा एक कॉम्प्युटर आणि डबाभर तुकडे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आपल्या शाळेत तो महिनाभर कपाटात कुलपाआड होता, कारण एखादा तुकडा हरवला तर जबाबदार कोण? शेवटी विज्ञानाच्या सरांनी किल्ली मागून घेतली. न्यू जर्सीच्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटने शाळकरी पोरांकडून याच तुकड्यांचे पाण्याखाली चालणारे रोबो करून घेतल्याचं त्यांनी वाचलं होतं. तिकडे पोहण्याचे तलाव. आपल्याकडे सिमेंटचा हौद, आणि शाळेमागची विहीर.

मोटारी मंद, मिनिटाला १७० फेऱ्यांच्या आसपास. मोटारीवर ४० दात्यांचं चाक आणि पंख्याच्या दांड्यावर ८ दात्यांचं बसवलं, वेग पाचपट झाला. पंखे खेळण्यातल्या बोटींचे. दोन मागे, पुढे जायला आणि वळायला. तिसरा आडवा, खाली-वर करायला. पाण्यात ब्लूटूथ पोचत नाही म्हणून काठावरच्या कॉम्प्युटरपासून मोटारींपर्यंत वायर हवी, आणि संचातली सर्वांत लांब वायर अर्ध्या मीटरची! तिची क्लिपही मुद्दाम एका कडेला, टेलिफोनची पिन तिथं बसत नाही. मग ती मधे कापून आतल्या सहा तारांना वीस फुटी केबल जोडायची ठरली. सर मला घेऊन बेळगावला उद्यमबागेत एका वाइंडिंगवाल्या अण्णांकडे गेले. त्यांनी जोड दिले, मोटारी फुग्यांत घालून दांड्यापाशी ग्रीस थापलं आणि बोट नाचवत बजावलं, ‘नीर वळग होगबारदु.’ पाणी आत जाता कामा नये. ‘होगबारदु’ हे रूप कन्नडच्या तासाला दोन वर्षं घोकून डोक्यात शिरलं नव्हतं, ते तिथं शिरलं.

हौदात पहिल्याच दिवशी रोबो पोट वर करून तरंगला. थर्माकोल आम्ही खालून बांधला होता. आर्किमिडीजचं तत्त्व आम्हा सगळ्यांना तोंडपाठ, पण कुणाला काही सुचेना. मागच्या बाकावरचा एक मित्र, गवळीवाड्यावरून चालत येणारा, गणितात कायम काठावर, म्हणाला, “सर, पोहायला शिकताना डबा पाठीला बांधतात की. पोटाला बांधला तर मानूस उताणं पडतंय.” थर्माकोल वर गेला, नट खाली. मग एकेक नट घालत-काढत त्यानेच वजन असं साधलं की रोबो ना बुडे, ना वर येई. हौदाच्या मधोमध नुसता थांबून राहिला. आम्ही ओरडायचंसुद्धा विसरलो.

विहिरीत मात्र घात झाला. एक पुरुषभर खाली गेला आणि पुढे आपोआपच बुडू लागला. पंखा उलटा फिरवला तरी थांबेना. घाबरून मी वायर ओढली, जोड सुटला आणि नुसती वायर हातात आली. संच शाळेचा, हात माझा. सर एवढंच म्हणाले, “का बुडाला ते मला आत्ता सांगता येत नाही. उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी ते मोठी सिरिंज घेऊन आले. आत शेंगदाण्याएवढा फुगा. तोंडावर बोट धरून दट्ट्या दाबला, फुगा आक्रसला. सोडला, पुन्हा फुगला. मोटारींवरचे फुगे खोल पाण्याच्या दाबाने असेच चेपले होते. आकार घटला, तेवढी पाण्याची उचल घटली, आणि जितका खाली जाईल तितका आणखी चेपणार. मी आज पाणबुडे पंप बसवण्याचं काम करतो. दाब म्हटलं की मला आकडा आठवत नाही, तो शेंगदाणा आठवतो.

रोबो मित्रानेच काढला, तिसऱ्या बुडीत. एक मोटार कायमची गेली. तेव्हाचा फोटो सरांनी काढला होता, तो सोबत पाठवतोय. विहिरीच्या काठावर आम्ही सातजण वाकून बघतोय. तो त्यात दिसणार नाही, तो त्या वेळी खाली होता.