न झाडलेल्या काडतुसांना गेलेले तडे

झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या मी पुन्हा भरून वापरतो. मागच्या नोंदीत मी ठामपणे लिहिले होते की .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाच्या पुंगळ्यांच्या मानेला (गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडाला) जाणारे तडे वारंवार रिसायझिंग (पुंगळी दाबून पुन्हा मूळ मापात आणणे) केल्याने पितळ कडक होऊन जातात आणि अनीलिंग (मान तापवून पितळ पुन्हा मऊ करणे) सुरू केले की हा प्रश्न मिटेल. ते विधान मी मागे घेत आहे. सहा आठवड्यांपूर्वी भरून ठेवलेल्या ५० काडतुसांची पेटी परवा उघडली, तेव्हा ७ काडतुसांच्या मानेवर तोंडापासून खाली उतरणारी बारीक उभी रेघ दिसली. तो पुसटसा ओरखडा असावा, अशी आशा होती. परंतु नख फिरवले तर कड अडकत होती.

ही काडतुसे भरल्यानंतर झाडलेलीच नव्हती आणि त्या सातांपैकी चार पुंगळ्या रीतसर अनीलिंग केलेल्या होत्या, त्यामुळे तडा बार उडाल्याच्या धक्क्याने गेला किंवा अनीलिंग राहून गेले, ही दोन्ही स्पष्टीकरणे टिकत नव्हती. दोन संध्याकाळी मी डाय (पुंगळीला माप देणारा साचा), एक्स्पांडर (मान आतून रुंदावणारा गोळा) आणि गोळी किती खोल बसवली यांवरच संशय घेत बसलो. शेवटी वहीत स्वच्छतेचा रकाना पाहिला आणि उलगडा झाला: ५० पैकी २४ पुंगळ्या सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात धुतलेल्या होत्या, उरलेल्या २६ टम्बलरमध्ये मक्याच्या कणसाच्या भुग्यात धातूचे पॉलिश घालून चमकवलेल्या होत्या, आणि तडे गेलेल्या सातही त्या २६ मधल्याच निघाल्या. पॉलिशच्या बाटलीचे झाकण उघडताच नाकाला झोंबणारा वास आला. लेबलावर अगदी बारीक अक्षरांत अमोनिया लिहिलेला होता. विक्रेत्याने ते पितळासाठी उत्तम म्हणून दिले होते. समईसाठी ते उत्तम असेलही.

सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेल्या काडतुसी पितळाचे अमोनियाशी असलेले वैर जुने आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकत असत आणि म्हणूनच या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. धातूत उरलेला ताण आणि घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया यांच्या संगनमताने ते घडते, हे १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडून दाखवले. आमच्या बाबतीत गोळी घट्ट धरणारी मान हाच तो कायमचा ताण असतो. अनीलिंगने जुना ताण जातो खरा, परंतु त्यानंतर रिसायझिंग आणि गोळी बसवणे यांतून नवा ताण येतोच, हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

सर्व २६ काडतुसे पुलरने (गोळी ओढून काढण्याच्या अवजाराने) उघडली, तडकलेल्या पुंगळ्या चुकून पुन्हा ढिगात मिसळू नयेत म्हणून पकडीने चेपून टाकल्या, आणि वाकवलेल्या तारेच्या टोकाने उरलेल्यांची आतली भिंत बुडाजवळ चाचपून पाहिली. तिथे भिंत ताणून पातळ झाल्याची खूण असलेली खाच कुठेही लागली नाही. हे श्रेय रिसायझिंग करताना प्रेसचा (डाय बसवलेल्या दाबयंत्राचा) दांडा खालच्या टोकाला तीन सेकंद दाबून धरण्याच्या सवयीचे आहे, असे मी मानतो. पुंगळीचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, मागे सरकण्याचे माप त्यामुळे आता प्रत्येक पुंगळीत दोन सहस्रांश इंचाच्या आसपास येते, पूर्वी ते पाचापर्यंत भरकटत असे. (कंपॅरेटर, म्हणजे खांद्यावर टेकणारी मापाची जोडणी, न लावता नुसत्या कॅलिपरने हे माप घेण्याचा हट्ट कृपया सोडा.)

पुढचा बेत मानेचा ताण कमी करण्यासाठी मँड्रेल (मान आतून नेमकी रुंदावणारी दांडी) घेण्याचा होता. तो आधी प्रयोग करून मग ठरवावा, असे हे लिहिता लिहिता सुचले आहे. सायट्रिकने धुतलेल्या दहा पुंगळ्यांत बंदुकीची दारू आणि प्राइमर (ती पेटवणारी टोपी) न घालता नुसत्या गोळ्या बसवीन, दहा तशाच रिकाम्या ठेवीन, आणि सर्व वीस पुंगळ्या झाकणभर पॉलिश उघडे ठेवलेल्या बंद बरणीत घालीन. गोळीवाल्या तडकल्या आणि रिकाम्या शाबूत राहिल्या, तर मँड्रेलचा खर्च सार्थ ठरेल. बरणी आजच रिकामी करून धुऊन वाळत ठेवली आहे.