पुणे ते सावंतवाडी, आंबोलीमार्गे: लहान मुलांना घेऊन गावी जाताना

पुण्याहून कोल्हापूर, निपाणी, उत्तूर, आजरा आणि आंबोली उतरून सावंतवाडी. अंतर साधारण पावणेचारशे किलोमीटर. मोठी माणसं सात-साडेसात तासांत पोचतात, पाच वर्षांखालचं मूल सोबत असेल तर दहा तास धरा. या प्रवासाची आखणी शेवटाकडून करायची. आंबोलीचा घाट उजेडात, पोट हलकं असताना आणि मूल चिडलेलं नसताना उतरायचा. निघायची वेळ, खाणं आणि थांबे त्यावरूनच ठरवा.

पहाटे पाचला निघा. मुलांना झोपेतच उचलून गाडीत ठेवता येतं आणि पहिले दोन तास शांत जातात. खंबाटकीचा चढ गर्दी वाढायच्या आत पार होतो. सुट्टीच्या सकाळी उशिरा निघालं तर याच चढावर गाड्या तापून बंद पडलेल्या दिसतात. नाश्ता साताऱ्याच्या आसपास करा. सातारा ते कागल रस्ता रुंदीकरणाची कामं आणि वळवलेले रस्ते धरून तासभर जास्त हाताशी ठेवा.

जेवण कोल्हापूर किंवा कागलला अकरा-साडेअकरालाच उरका. तिथून घाट अडीच-तीन तासांवर आहे, म्हणजे पोटातलं जिरायला वेळ मिळतो. मुलांना वरण-भात, दही-भात किंवा घरच्या दशम्या द्या. तांबडा-पांढरा रस्सा मोठ्यांनीही परतीसाठी राखून ठेवावा. निपाणीला टाकी भरून घ्या आणि हायवे सोडा. आजऱ्यानंतर दूध, चॉकलेट, वेफर्स बंद. कोरडी पोळी किंवा चुरमुरे चालतात. पोट अगदी रिकामं असलं तरीही मळमळतं.

ओकारीचं मुख्य कारण मोबाइल. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला वळणं जाणवतात, डोळ्यांना मात्र स्थिर पडदा दिसतो, आणि या गोंधळात मळमळ सुरू होते. म्हणून आजऱ्यापासून पडदे बंद, पुस्तकंही बंद. समोर लांबचं दिसेल असं बसवा, काच थोडी उघडा. गोळी द्यायची असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून वजनानुसार मात्रा आधीच लिहून घ्या. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका.

मागच्या सीटच्या कप्प्यात, हाताला लागेल असं, एवढं हवंच: झिपच्या जाड पिशव्या (दुकानातल्या पातळ पिशवीला भोक असतंच), जुने पंचे, मुलाचे दोन जोड आणि आईसाठी एक कुर्ता. आईचा कुर्ता हमखास डिकीत तळाशी गेलेला असतो! उलटी झाली तर वळणावर थांबू नका, रुंद जागा बघा. चूळ भरायला लावा, पंधरा मिनिटं काही देऊ नका, मग घोट-घोट ओआरएस. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच ते कालवायचं. अंदाजाने कमी पाण्यात केलं तर मीठ जास्त होतं आणि त्रास वाढतो.

तान्ह्या बाळाचं पावडरचं दूध आधी करून नेऊ नका. थर्मासमध्ये गरम पाणी आणि मोजलेली पावडर वेगळी ठेवा. केलेलं दूध दोन तासांच्या आत संपवा, बाळाने तोंड लावलेलं असेल तर तासाभरात. उरलेलं टाकून द्या.

मांडीवर मूल घेऊन पुढे बसायची सवय आपल्याकडे फार आहे, आणि ती सोडाच. जोराचा ब्रेक लागला तर दहा किलोचं मूल कुणाच्याही हातात राहत नाही. एअरबॅग उघडली तर मध्ये तेच सापडतं. चाइल्ड सीट मागे, पक्की आवळलेली. मूल रडतं म्हणून ती काढून ठेवली जाते, त्यावर उपाय म्हणजे निघण्याआधीचे पंधरा दिवस रोज बाजारापर्यंत त्यातच नेणं. कायद्यानेही चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे.

आंबोलीत धबधब्यापाशी खाऊची पिशवी उघडू नका, माकडं मुलांच्या हातातून ओढून नेतात. पावसाळ्यात रविवारी दुपारी इथे पर्यटकांची कोंडी असते, तो दिवस टाळाच. कणकवलीकडे जाणाऱ्यांना राधानगरीवरून फोंडा घाट सोयीचा. धुक्यात दिवे लो बीमवर ठेवा, हाय बीमने समोर पांढरा पडदाच उभा राहतो.

उतारावर दुसरा गिअर, ऑटोमॅटिकला खालचा गिअर. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात, करपल्याचा वास येतो आणि पकड कमी होते. वास आलाच तर सुरक्षित जागी अर्धा तास थांबा, चाकांवर पाणी ओतू नका. झपाझप खाली येताना कानात दडे बसतात. सर्दी झालेलं मूल इथे अचानक रडू लागतं, ते बहुधा यामुळेच. मोठ्या मुलाला स्ट्रॉने पाणी प्यायला द्या. अंगावर पिणाऱ्या बाळासाठी गाडी थांबवून पाजा. चालत्या गाडीत सीटमधून काढायचं नाही.

दाणोलीला घाट संपला की दमट उकाडा सुरू होतो. स्वेटर तिथेच उतरवा.

परतीला कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंतचा उतार फसवा आहे. ब्रेक निकामी झालेले ट्रक इथे मागून येऊन धडकल्याचे अपघात वारंवार झाले आहेत. ट्रकच्या पुढे रेंगाळू नका, लेन बदलत बसू नका, आणि मुलांचे पट्टे घर जवळ आलं म्हणून तिथे सोडू नका.