जाळी कुठे गेली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "तुमच्याकडे पत्रकारांचा पास नाही, उभे असता प्रेक्षकांत, मग मोटार रेसच्या फोटोंत ट्रॅकच्या कडेची ती तारेची जाळी दिसत कशी नाही? नंतर पुसता का?"

पुसत नाही. जाळी फोटोत असतेच. फक्त इतकी पसरलेली असते की तिला कोणी जाळी म्हणणार नाही.

सुरुवातीला माझे सगळे फोटो जाळीचेच यायचे. तार कशी रेखीव, आणि मागे एक रंगीत डाग, तो म्हणजे गाडी. मी दोष अर्थातच जाळीला देत होतो. नाचता येईना अंगण वाकडं. एक साधा प्रयोग करून बघा. एक डोळा मिटा, कंगवा दुसऱ्या डोळ्याच्या अगदी पापणीजवळ धरा आणि लांबच्या झाडाकडे बघा. कंगव्याचे दात विरघळतात, झाड दिसतं. कंगवा हातभर लांब नेलात की दात पुन्हा मोजता येतात. लेन्सचंही तसंच. ती जाळीच्या जितकी जवळ, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक) जितकं उघडं, लेन्स जितकी लांब पल्ल्याची आणि गाडी जितकी दूर, तितकी तार नाहीशी होते. तीनशे-चारशे मिलिमीटरच्या लेन्सने हे सहज जमतं. जाळीपासून चार पावलं मागे दुसरा कठडा असेल, तर मात्र सगळं अवघड होतं.

आणि ऊन. जाळीच्या आपल्या बाजूला ऊन पडलं असेल तर चमकणारी तार फोटोवर दुधाळ पडदा ओढते. म्हणून मी आधी सावलीतली जाळी शोधतो, मग वळण. ऑटोफोकस तर जाळीवर जीव टाकतो. लेन्सवर जवळचं फोकस बंद करणारं बटण असेल तर ते आधी दाबायचं. नसेल तर गाडी जिथून जाणार त्या जागेवर, कर्बच्या, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या, लाल-पांढऱ्या पट्ट्यांवर, फोकस लावून ठेवायचा आणि वाट बघायची. गाड्या फेरीमागून फेरी जवळजवळ त्याच रेषेवरून येतात. वाट बघणाऱ्याला याहून सोयीचा खेळ नाही.

आता खरी गंमत. लोकांना वाटतं, वेगवान गाडी म्हणजे वेगवान शटर, म्हणजे कॅमेऱ्याची झडप अगदी क्षणभरच उघडी. ताशी १८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ५० मीटर कापते. १/२००० सेकंदाला ती फक्त अडीच सेंटीमीटर सरकते; कॅमेरा थोडा जरी तिच्याबरोबर फिरवलात तर चाकाच्या आऱ्या मोजता येतील इतकी ती स्वच्छ येते. आणि अगदी पार्क केल्यासारखी दिसते. १/१०० ला ती अर्धा मीटर जाते. तेवढ्या वेळात कॅमेरा तिच्याच गतीने वळत राहिला तर गाडी टिकते आणि बाकीचं सगळं, गवत, जाहिराती, समोरचे प्रेक्षक, आडव्या रेघांत वाहून जातं. यालाच पॅनिंग म्हणतात. जवळची जाळीही त्याच रेघांत जाते.

पण यात एक पेच आहे. भर उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ला, १/१०० वर शटर ठेवलं तर अ‍ॅपर्चर एफ १६ पर्यंत बारीक करावं लागतं (एफचा आकडा मोठा, तितकं भोक लहान). अ‍ॅपर्चर बारीक केलं की जाळी पुन्हा डोकं वर काढते. म्हणजे जाळी घालवण्याचा एक उपाय दुसऱ्याच्या मुळावर येतो. प्रकाश एक-अष्टमांशावर आणणारा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे बसणारी काळपट काच, लावला तर एफ ५.६ वर काम भागतं. मी तो विकत घेतला तेव्हा घरच्यांना काळी काच कशासाठी हे समजावता आलं नव्हतं. ढगाळ दिवस असला की मला फिल्टरही लागत नाही. बाकीचे प्रेक्षक आभाळाकडे बघून कुरकुरत असतात तेव्हा मी खुशीत असतो.

हात बसायला वेळ लागतो. पाय रोवायचे, कोपर अंगाला, वळायचं ते कमरेतून, आणि शटर दाबल्यावर थांबायचं नाही. १/६० वर शंभरातले चार-पाच फोटो धड आले तर माझा दिवस चांगला गेला. म्हणून मी मुख्य शर्यतीपेक्षा सरावाच्या सत्रांना जातो. गर्दी कमी, जागा बदलता येते. शर्यतीच्या दिवशी फोटो कमी काढतो. कॅमेऱ्यातून शर्यत समजत नाही, कोण कितवा आहे हेसुद्धा कळत नाही.

कोणी सुचवतं, जाळी नसलेली जागा शोधा. उंच गवताळ बांध असेल तर जाळीच्या वरून दिसतं, आणि तशी जागा मिळाली तर मी सोडत नाही. पण जाळीला लोंबकळणं, कठडा ओलांडणं, मार्शलशी, म्हणजे ट्रॅकवरच्या सुरक्षा कर्मचाऱ्याशी, हुज्जत घालणं, हे नको. १९५५ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत एक गाडी मुख्य स्टँडसमोरच्या बांधाला धडकून फुटली, तिचे तुकडे गर्दीत घुसले आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. ते आठवलं की जाळीला शिव्या देताना मी जीभ आवरतो.

याच छंदातला एक जुना फोटो मला फार आवडतो. जाक-आंरी लार्तिग हा फ्रेंच पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा असताना, शंभरहून अधिक वर्षांपूर्वी, ग्राँ प्री या मोटार शर्यतीच्या रस्त्याकडेला उभा होता. त्याने कॅमेरा गाडीबरोबर फिरवला, पण गाडी पुढे निसटली. त्या काळच्या शटरची फट फोटो उमटणाऱ्या काचेवरून सावकाश सरकायची, म्हणून चाक लंबगोल होऊन पुढे झुकलं आणि मागची माणसं उलट्या दिशेला. गाडीचा पुढचा भाग तर चौकटीबाहेरच गेला. त्याला तो फसलेला फोटो वाटला. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा तो साठी-सत्तरीच्या मधे होता.

माझ्याकडेही एक फसलेला आहे. पाऊस पडत होता, फोकस जाळीवर अडकला. तारेच्या सांध्यावर एक थेंब लोंबतोय आणि मागे लाल दिव्याचा धूसर ठिपका, पाण्याच्या फवाऱ्यात शिरलेल्या गाडीचा. घरी भिंतीवर लावलेला तेवढा एकच. तो पाहून मला विचारतात, "जाळी इतकी स्पष्ट कशी आली हो?"