काळ्या मातीतली पोर्ट्रेटं: पोळा ते संक्रांत, उजेडाच्या नोंदी

नागपूरकडे कपाशीच्या वावरात काढलेलं पोर्ट्रेट घरी स्क्रीनवर उघडलं की डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. लेन्सला दोष देऊन उपयोग नाही, काळी माती उजेड गिळते. सिमेंटच्या गच्चीवर किंवा पांढऱ्या वाळूवर भुवयांखाली आणि हनुवटीखाली जो उजेड आपसूक पोचतो, तो इथे मिळत नाही. पाऊस पडून माती ओली झाली की उरलासुरलाही जातो. म्हणून या हंगामातला निम्मा खटाटोप एकाच गोष्टीचा: चेहऱ्याला खालून उजेड द्यायचा, पण दिला आहे हे कळू द्यायचं नाही.

पोळा ते दसरा: हिरवट हनुवटी

कपाशी आणि तूर कमरेला लागली की आणखी एक भानगड सुरू होते. खालून उजेड येतो, पण हिरवा. पानांवरून उसळून तो मान, हनुवटी आणि नाकाच्या खालच्या भागावर चढतो. व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्यात सगळ्या फोटोचा रंग सुधारण्याची सोय) तो जात नाही, कारण कपाळ बरोबर असतं आणि फक्त खालचा भाग बिघडलेला असतो. हिरवा काढायला जावं तर कपाळ जांभळट होतं. उपाय साधा आहे. माणसाला पिकात उभं न करता धुऱ्यावर (बांधावर) किंवा पांदणीत (शेतातल्या वाटेवर) आणायचं, पीक चार-पाच मीटर मागे ठेवायचं आणि खालचा उजेड आपण द्यायचा.

त्यासाठी विकतच्या रिफ्लेक्टरपेक्षा (उजेड परतवणाऱ्या पडद्यापेक्षा) युरियाचं ४५ किलोचं रिकामं पोतं बरं पडलं. दोन बाजूंनी उसवायचं, दोन पाण्यांनी धुवायचं (नाहीतर खताचा अंश हवेतलं पाणी ओढून चिकट होतो), छपाईची बाजू मागे टाकायची आणि मागच्या सालच्या दोन तुराट्या आडव्या बांधून ताठ करायचं. बसलेल्या माणसाच्या मांडीवर किंवा गुडघ्यांपुढे, चेहऱ्याकडे साधारण ४५ अंशांत. पाच-इन-एक रिफ्लेक्टरची चांदीची बाजू उन्हात वापरू नका, माणूस डोळे मिटतो. वापरायचीच असेल तर पांढरी.

पोतं फार जवळ गेलं की चेहरा कंदिलावर धरल्यासारखा, भुताचा दिसतो. तपासायची खूण डोळ्यात आहे. फोटो मोठा करून बुबुळ पाहायचं. वर आकाशाचा ठिपका, खाली पोत्याचा. खालचा ठिपका वरच्यापेक्षा लहान आणि मंद असला पाहिजे. बरोबरीचा दिसला तर पोतं हातभर मागे घ्या.

निळी ताडपत्री, नीळ घालून रंगवलेली भिंत आणि शेणानं सारवलेलं अंगण हे तिन्ही आपापला रंग चेहऱ्यावर सोडतात. चुन्याची भिंत सगळ्यात इमानदार.

लेन्स: पैसे कुठे घालावे

एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) बॉडीवर ५० एमएम एफ/१.८ (एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं भोक मोठं) घेतली की पोर्ट्रेटचं बहुतेक काम भागतं. डोकं-खांदे बसवायला अंतर लागतं सुमारे दीड मीटर. या अंतरावर एफ/१.८ ला फोकसची जाडी (पुढे-मागे जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं अंतर) साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास, एफ/२.८ ला दहा, एफ/४ ला चौदा. जवळच्या डोळ्यापासून कानापर्यंतचं अंतर धरा दहा सेंटिमीटर. म्हणजे सुरुवात एफ/२.८ पासून. एफ/१.८ वर ‘लेन्स सॉफ्ट आहे’ अशी तक्रार ऐकू येते, त्यातल्या बऱ्याच फोटोंत फोकस भुवईवर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतो. मधला एक फोकस पॉइंट निवडून फ्रेम हलवण्यापेक्षा डोळ्यावरचाच पॉइंट निवडा.

सपरी (घराची पडवी) फार तर अडीच मीटर खोल असते. तिथे ५० ने कमरेपर्यंतचा फोटो बसत नाही, त्याला अडीच मीटरच्या थोडं वर अंतर लागतं. अशा जागी ३५ एमएम एफ/१.८ घ्या, १.८ मीटरवरून तोच फोटो येतो. पण ३५ घेऊन चेहऱ्याजवळ मीटरभर आलात की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्याने जवळून काढलेल्या फोटोत होतं तेच.

घेताना दोन ठिकाणी फसगत होते. निकॉनच्या डी३५००, डी५६०० या बॉडींत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुनी एएफ ५० एमएम १.८डी लावली तर हाताने फोकस करावा लागतो. ‘एएफ-एस’ लिहिलेली घ्या. आणि जुनी लेन्स घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. पावसाळाभर बंद पेटीत पडलेल्या लेन्सचा तो ठरलेला रोग.

किटची (कॅमेऱ्यासोबत येणारी) १८-५५ एमएम लेन्स फेकू नका. ५५ ला एफ/५.६ वर फोकसची जाडी १६-१७ सेंटिमीटर मिळते आणि मागचं पीक सहा-सात मीटर दूर असेल तर बऱ्यापैकी विरघळतं. फ्लॅश लावून काम करायचं तर तसंही एफ/५.६ ते ८ वरच राहावं लागतं. आधी फ्लॅश घ्यावा आणि मग ५०, असं आता वाटू लागलंय, पण यावर भांडायला बरेच जण तयार होतील.

वेचणीचा हंगाम: कापसाची खोली

मार्गशीर्ष-पौष हा इथला पोर्ट्रेटचा खरा मोसम. नागपूर २१ अंश उत्तरेला. २२ डिसेंबरच्या सुमारास ऐन दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवरच राहतो, सावली माणसाएवढी पडते. स्टुडिओत मुख्य दिवा ज्या उंचीवर लावतात, तो फुकटात. मे अखेर आणि जुलैच्या मध्यात तोच सूर्य नेमका डोक्यावर येतो, तेव्हा दुपारी कॅमेरा बाहेर काढूच नका.

याच दिवसांत घरातल्या एका खोलीत कापूस भरलेला असतो आणि तो ढीग म्हणजे भिंतीएवढा रिफ्लेक्टर. माणसाला दारापासून मीटरभर आत बसवायचं, चेहरा दाराकडे अर्धा वळवलेला, ढीग दुसऱ्या बाजूला. दारातून मुख्य उजेड, कापसावरून परतलेला मऊ उजेड सावलीच्या गालावर. ढीग हनुवटीपर्यंत असेल तर पोत्याची गरजच पडत नाही. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) ४००, एफ/२.८, शटर १/१२५ सेकंद, इथपासून सुरुवात करा. फ्रेममध्ये कापूस जास्त आला की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि चेहरा काळा पडतो, तेव्हा एक्स्पोजर +१ करा. म्हाताऱ्या माणसाची पांढरी टोपी मात्र लगेच जळते. रॉ (कच्ची फाइल) काढा आणि स्क्रीनवर टोपीच्या जळालेल्या भागाची उघडझाप दिसली तर १/३ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) खाली या.

खोलीत लेन्स बदलू नका, कापसाची पिंज सेन्सरवर बसते. हॅलोजन तर अजिबात आणू नका. तापलेला दिवा आणि सुटा कापूस एका खोलीत, यावर जास्त लिहायची गरज नसावी.

समोरचा माणूस

कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते. वेचणाऱ्या बाईला पंधरा मिनिटं उभं केलं म्हणजे तेवढ्या किलोंचे पैसे तिचे गेले. बाजाराच्या दिवशी बऱ्याच गावांत वेचणी बंद असते, तेव्हा विचारा. वावरातच फोटो हवा असेल तर वेळेचे पैसे आधी ठरवून द्या. बाईंचा फोटो असेल तर आधी त्यांना विचारायचं, मग घरच्यांना. हा क्रम उलटा झाला की बाई हो म्हणतात, पण चेहऱ्यावर तो हो दिसत नाही. पदर, केस, टिकली नीट करायची असेल तर आपल्याच अंगावर हात ठेवून दाखवा, त्यांना हात लावू नका.

संमतीचा कागद मराठीत, एका पानाचा, चार वेगळे चौकोन: घरी द्यायचा प्रिंट, इंटरनेट, स्पर्धा, विक्री. चारही वाचून दाखवा, ज्यावर हो म्हणतील तेवढ्यावरच खूण. लहान मुलांसाठी आई-वडिलांची सही.

डावा-उजवा सांगत बसू नका. कॅमेऱ्याचा डावा की माझा, यात दोन मिनिटं जातात. ‘काकाजी, विहिरीकडे पाहा जी’, ‘काकू, चुलीकडचा खांदा जरा मागे घ्या’ असं सांगितलं की एका फटक्यात होतं. बाजेवर बसवलं की बाज खचते, पाठ गोल होते आणि मान खांद्यात जाते. बसायच्या जागी गोधडीखाली पाट सरकवा, पाठ सरळ होते. आधार कार्डाच्या फोटोसारखे ताठ बसले तर हाताला काम द्या, सुपात तूर निवडायला लागल्या की खांदे आपोआप उतरतात. उन्हाने डोळे बारीक होत असतील तर मिटायला सांगा, तीन मोजा, उघडल्या क्षणी काढा.

आणि पहिला फोटो त्यांच्या मनासारखा: पूर्ण उभा, पायांसकट, दोन्ही कान दिसणारा. ४ बाय ६ चा प्रिंट त्याचाच द्या.

फ्लॅश

गोडॉक्सचा टीटी६००, पांढरी आरपार छत्री, स्टँड. छत्री चेहऱ्यापासून एक मीटर, डोळ्यांच्या थोडी वर. आयएसओ १००, शटर १/२००, एफ/८, फ्लॅशची ताकद १/४. मोकळ्या सावलीत हे जमतं आणि मागचं वावर दीड-पावणेदोन स्टॉप गडद होतं. छत्री दोन मीटरवर नेली की उजेड चौथाईवर येतो, मग पूर्ण ताकद लागते, फ्लॅश तापतो आणि सेल लवकर उतरतात. म्हणून छत्री फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत आणा. १/२०० च्या वर शटर नेलं तर हाय-स्पीड सिंकशिवाय (वेगवान शटरशी फ्लॅश जुळवणाऱ्या सोयीशिवाय) फोटोच्या एका कडेला काळी पट्टी येते.

कॅननच्या ३०००डी आणि २००डी मार्क २ वर हॉट-शूच्या (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेच्या) मधला गोल पिनच नाही, साधा एका पिनचा ट्रिगर (दूरचा फ्लॅश पेटवणारं यंत्र) तिथे चालत नाही. बॉडी सोबत नेऊन, लावून पाहून मगच पैसे द्या. सेल रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचे, दोन संच. वीज असेल तेव्हा आधी सेल चार्जिंगला. मोबाइल नंतर.

वारा सुटला की छत्री म्हणजे शीड. स्टँडच्या पायाला पाच किलो माती भरलेली थैली बांधा.

बाकी राहिलेलं

चैत्र-वैशाखासाठी सुतळी काढलेल्या बाजेच्या चौकटीवर एकपदरी धोतर ताणून डोक्यावर धरायचं आहे. किती स्टॉप खातं ते मोजायचंय, दुपदरीने किती तेही. धोतर नवं कोरं नको, दोनदा धुतलेलं. कोऱ्याला खळ असते आणि चौकटीवर सुरकुत्या राहतात. बाज धरायला दोन माणसं लागतील, ती अजून ठरायची आहेत.