मनगटावरचा भोंगा

दुपारी तीनच्या सुमारास माझं मनगट थरथरतं. समोर हजेरीपुस्तक उघडं असतं. भिंतीपलीकडून मागांचा खडखडाट येत असतो आणि खिडकीबाहेर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतलं पांढरं ऊन पसरलेलं असतं. अशात घड्याळ म्हणतं, उठा, थोडं चाला. मी उठतो, माठापर्यंत जातो, नको असलेलं पाणी पितो आणि परत येऊन बसतो. जाऊन-येऊन अठ्ठावीस पावलं होतात. घड्याळाला बरं वाटतं, मला पुन्हा उठून बाथरूमला जावं लागतं. म्हणजे आणखी चाळीस. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला असल्या गोष्टीत आनंद होतो हे खरं आहे, उगाच नाकारण्यात अर्थ नाही.

घड्याळ पोरानं दिवाळीला दिलं. तो पुण्यात असतो. सोलापूरच्या निम्म्या घरांतला एक तरी जीव पुण्यात असतो, त्यामुळं यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं हे, की माझी पावलं त्याला तिथं मोबाईलवर दिसतात. रोजचं लक्ष्य दहा हजार. तेही त्यानंच ठरवून दिलेलं. लहानपणी मी त्याला पाढे म्हणायला लावायचो, त्याचं उट्टं काढतोय की काय अशी मला शंका आहे.

पहिले पंधरा दिवस मी अगदी मन लावून चाललो. सकाळी होम मैदानावर फेऱ्या मारायच्या, किल्ल्याच्या तटाकडं बघत. पूर्वी तिथं मी बसायला जायचो. ओळखीचं कोणी भेटलं की चहा व्हायचा, चहावरून राजकारण आणि राजकारणावरून नळाला पाणी किती दिवसांनी येणार यावर गाडी यायची. आता ओळखीचा दिसला की मी हात वर करून पुढं सटकतो. थांबलो की पावलं थांबतात. एकदा रात्री साडेनऊला आकडा नऊ हजार दोनशेवर होता, म्हणून मी घरातच समोरच्या खोलीतून मागच्या खोलीत येरझाऱ्या घालायला लागलो. बायको बराच वेळ बघत होती.

"काय वो, पोटात दुखायलंय का?"

"नाही. आठशे राहिलेत."

"कुणाचे द्यायचेत?" तिनं घाबरूनच विचारलं.

तिचा प्रश्न तसा बरोबर होता. हे दहा हजार आपण नक्की कुणाचे देणं लागतो? मी जरा शोधलं, तर गंमतच निघाली. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं. त्यानंतर जपानमध्ये चालण्याची हवा पसरली आणि १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. नाव ठेवलं मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल होता, तोंडात बसणारा होता, खपला. डॉक्टरांनी माणसं तपासून, वर्षानुवर्षं नोंदी ठेवून काढलेला तो आकडा नव्हेच. पुढं संशोधकांनी खरोखर मोजून पाहिलं, तर त्याहून बऱ्याच कमी पावलांतही फायदा दिसला. म्हणजे साठ वर्षांपूर्वी जपानात कुणाला तरी यंत्र विकायचं होतं, आणि त्यापायी सोलापुरात मी रात्री साडेनऊला दिवाणाला वळसे घालतोय.

पण मी हसलो तरी मला यात नवीन काही वाटलं नाही. आमच्या घरात हे पूर्वीपासून आहे, फक्त तेव्हा ते मनगटावर नव्हतं. वडील मिलमध्ये होते. सोलापूर तेव्हा भोंग्यावर चालायचं. भोंगा झाला की पाळीची माणसं डबे घेऊन निघायची. ज्यांचा मिलशी काही संबंध नाही अशा घरांतही भोंग्यावर भात उतरवला जायचा. वडिलांच्या अंगात तो इतका मुरला होता की भोंग्याच्या आधी पाच मिनिटं ते जागे असायचे. अंथरुणावर बसून वाट बघायचे. वाजला की मगच उठायचे. आधी उठले तर जणू मिलचा अपमान.

मग मिल बंद झाली. आज त्यावर लिहायचं नाही, तो विषय निघाला की तोच पुरतो. एवढंच सांगतो, की भोंगा बंद झाल्यावरही कितीतरी महिने वडील त्याच वेळेला अंथरुणावर उठून बसायचे आणि वाट बघायचे. कशाची, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आई म्हणायची, "आता झोपा की अजून." ते म्हणायचे, "हां." आणि बसूनच राहायचे. आता मनासारखं जगा, आराम करा, असं त्यांना सगळे सांगत होते. पण मनासारखं म्हणजे कसं, हे त्या माणसाला तीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, मग एका सकाळीत ते कुठून आणणार?

माझ्यापुढं त्यांनी ध्येय म्हणून डॉक्टर कोटणीसांना ठेवलं होतं. सोलापूरच्या पोरांच्या नशिबी हे असायचंच. द्वारकानाथ कोटणीस इथले, १९१० चा जन्म. पुढच्या शिक्षणाची तयारी बाजूला ठेवून १९३८ मध्ये चीनला गेले आणि जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये तिथंच वारले, वय अवघं बत्तीस. "बघ, बत्तीस वर्षांत माणूस काय करून गेला," वडील म्हणायचे. मी बत्तीसचा झालो त्या दिवशी टॉवेलच्या गाठींचं बिल करत होतो. जीएसटी नव्हता तेव्हा, तेवढंच सुख. वडिलांच्या लक्षात मात्र एक गोष्ट आली नसावी. त्यांनी ज्याचा दाखला दिला तो माणूस ठरलेली वाट सोडून गेला होता, आणि मला ते सांगत होते ठरलेली वाट धर म्हणून.

हे सगळं पुन्हा वर यायला कारण पोराचा फोन. नोव्हेंबरातल्या एका रात्री, अकरा वाजून गेल्यावर. आधी पावलांची चौकशी झाली. मग थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, तुमचं ध्येय काय होतं?"

मला वाटलं पावलांचं विचारतोय. "दहा हजारच की, तूच लावलंयस."

"तसं नाही वो. आयुष्यात."

त्याच्या ऑफिसात दर सहा महिन्यांनी फॉर्म भरायचा असतो. पुढची पाच वर्षं स्वतःला कुठं बघता, असं त्यात लिहायचं असतं. त्यानं चार वेळा भरलाय. पाचव्यांदा बसला आणि हात चालेना. म्हणाला, "मला कुठंच बघायचं नाही. मला नुसतं असायचंय. मी म्हणून." वर हेही म्हणाला की त्याच्या ओळखीतल्या काहींनी तसं करायचं ठरवलंय, त्यासाठी रोज सकाळी वीस मिनिटं काढायची, एक ॲप आहे, सलग किती दिवस केलं ते त्यात दिसतं. मी म्हटलं, म्हणजे तिथंही आकडा आहेच का? तो हसला. खूप दिवसांनी हसला. पण त्याच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. झोप आता, एवढंच मला सुचलं.

शेजारी अक्का राहतात. तेलुगू आहेत, आमच्या पूर्व भागात निम्मी आळी तीच भाषा बोलते. पन्नाशी ओलांडली, विड्या वळतात. दारातच बसतात, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचं माप पानावर ठेवायचं, कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू, बोटांनी गोल, टोक दुमडायचं, दोरा, झालं. हे मला लिहायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्यांच्या तीन होतात. नजर रस्त्यावर, कान टीव्हीवर, तोंड सुनेशी बोलतंय आणि बोटं आपली वेगळ्याच गावाला निघालेली. मजुरी हजारावर असते. माल द्यायला गेलं की जरा इकडं-तिकडं वळलेल्या विड्या बाजूला काढतात, म्हणून हजार भरायला हजारावर थोड्या जास्तच वळायच्या.

मी आळीत फेऱ्या मारत होतो तर त्यांनी हटकलं. "काय वो अण्णा, किती फिरालाव? काय हरवलंय का?"

"दहा हजार पावलं करायची असतात, अक्का."

"कोण पैसे देतंय?"

"कोण नाही."

अक्का सुपावर वाकून हसल्या. "माझं हजार पैशाचं, तुमचं दहा हजार फुकटचं!"

मी तिथंच कट्ट्यावर टेकलो. घड्याळ थरथरलं, थरथरू दिलं. विचारलं, "आणि एखाद्या दिवशी हजार नाही झाले तर?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की शिकलेल्या माणसानं हे काय विचारावं. "तर नऊशे."

या नऊशेवर मी दोन दिवस घालवले. त्यात शंभर विड्यांची मजुरी जाते, हे मला कळतं, मी त्याच धंद्यात बसलोय. आमच्याकडं मागावरच्या माणसाचाही पगार विणलेल्या मालावर होतो आणि ते आकडे मीच लिहितो. अक्कांसमोर 'ध्येय की नुसतं असणं' हा प्रश्न मांडला, तर त्या विचारतील, त्यातल्या कशाला मजुरी जास्त? पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होणाऱ्यांना पडणारा हा प्रश्न आहे. म्हणून तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. पोराला रात्री अकराला झोप लागत नव्हती, ते खोटं नव्हतं. पण हजाराचे नऊशे झाल्यावर अक्का कमी झाल्या नव्हत्या, पैसे कमी झाले होते. पोराचा फॉर्म रिकामा राहिला की मात्र पोरगाच कमी होत होता.

रविवारी सिद्धेश्वराला गेलो. पावलांसाठी नाही, घड्याळ घरीच ठेवलं होतं. तळ्याच्या काठानं जाताना दर वेळी मला इथली जुनी गोष्ट आठवते. बाराव्या शतकात हे गाव सोन्नलगी होतं. सिद्धराम, म्हणजे आमचा सिद्धेश्वर, लहानपणी गप्प गप्प असायचा, लोकांना वाटायचं पोर मंद आहे. शेताच्या राखणीला बसायचा. तिथं एक जंगम आला, मल्लय्या. त्यानं दहीभात मागितला. पोर घरी पळालं, भात घेऊन आलं तर मल्लय्या नाही. मग त्याला शोधत ते थेट श्रीशैलपर्यंत गेलं. तिथून परत आलेल्या सिद्धरामानं हे तळं खणायला घेतलं. गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. आजही सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, त्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात आणि सगळ्या सोलापूरला तो आकडा पाठ असतो.

गोष्टीचा पुढचा भाग आमच्याकडं कन्नड बोलणारी म्हातारी माणसं जास्त रंगवून सांगतात. तळ्याचं काम जोरात चालू असताना शिवभक्त संत अल्लमप्रभू आले आणि कामावरच्या लोकांना त्यांनी विचारलं, तो वड्डराम कुठाय? वड्डर म्हणजे वडार, दगडमाती फोडणारा. लोक भडकले, दगड घेऊन अंगावर गेले. स्वतः सिद्धरामही तापून आला. मग बोलणं झालं, आणि अल्लमांनी त्याला दाखवून दिलं की तू एवढं खणलंस, पण 'खणणारा मी' हा मीपणा काही तुला खणून काढता आलेला नाही. सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला, म्हणजे कर्नाटकातल्या बसवकल्याणला गेला, तिथं बसवेश्वरांच्या शरणांमध्ये, म्हणजे शिवभक्तांमध्ये राहिला, आणि शेवटी परत इथंच आला. समाधी इथंच आहे, त्याच तळ्यात.

अल्लमप्रभू मोठे, त्यांच्यापुढं मी काय बोलणार? पण मला दर वेळी त्या दगड उचललेल्या लोकांची बाजू घ्यावीशी वाटते. उन्हात माती उपसतोय आणि एक पाहुणा येऊन सांगतो, हे काही खरं नव्हे! एप्रिलात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीला हे तळं बघावं. काठावर पोरं, पाण्यात बगळे, देवळाकडून येणाऱ्या वाऱ्याला जराशी ओल. तळं नसतं तर आत शांत बसायला जागा तरी कुठं होती? आणि राखणीला बसलेलं ते मंद पोर, त्याला कुणी पुढची पाच वर्षं विचारली नव्हती. दहीभात हवा म्हटल्यावर ते पळालं, बस्स.

त्या रविवारी मी काठावर पाऊण तास बसलो. शेजारी एक गृहस्थ शेंगदाणे सोलत होते, त्यांनी मूठभर मला दिले. आम्ही एकमेकांचं नावही विचारलं नाही.

घरी आलो तर घड्याळ जागेवर नव्हतं. स्वयंपाकघरातून थप् थप् आवाज येत होता. पोराला पाठवायला कडक भाकऱ्यांचा घाट घातला होता. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, काल दळून आणलेली. तव्यावर भाजून झालेल्या भाकऱ्या मंद आचेवर पापडासारख्या कडक होईपर्यंत ठेवलेल्या, आणि परातीत पुढची भाकरी फिरत होती, थापेबरोबर कडा पातळ होत होती, एकदाही न फाटता. घड्याळ बायकोच्या मनगटावर होतं, पिठानं पांढरं झालेलं.

"हे का घातलंस?"

"किती वाजले बघायला. भिंतीवरचं बंद पडलंय, तुम्हाला कधीचं सांगायलेय."

तेवढ्यात पोराचा फोन. "बाबा, आज काय पळत होता का? गेल्या पाऊण तासात सोळाशे पावलं! एकदम लयीत."

"मी नाही रे. तुझी आई भाकऱ्या थापतेय."

तिकडं काही क्षण शांतता. मग म्हणाला, "कडक का?"

"कडकच."

"चटणी पण आहे का?"

"कुटायची आहे अजून."

"मग मी शुक्रवारी येतो की. पाठवू नका, मीच येतो." आणि मग जरा थांबून, "हुतात्मानं येतो. गाडीत काही खात नाही."